खरपुडीच्या बाई

आमच्या बाईंनी आयुष्यात एकदाच जमीन विकत घेतली, आणि तीही दगडांची. वडखळच्या अलीकडे हायवेला लागून एक उघडा माळ होता. भात नाही, आंबा नाही, विहीर नाही. शेळी वर चढायची आणि हिरमुसून खाली यायची. साठवलेलं सगळं घालून बाईंनी तो माळ घेतला तेव्हा पेणपासून आमच्या खारेपाटापर्यंत लोक हसले. माझे काका आमच्या गावकीचे पुढारी. ते म्हणाले, "कॉलेजात येवढी शिकवते, आन् हिला दगड नाय वळखता आले?"

मला मात्र हसू आलं नाही, धक्का बसला. कारण बाईंच्या छत्रीची काडी मोडली तर त्या तार बांधून वापरायच्या. अशी बाई दगड विकत घेते म्हणजे काय?

बाई पेणच्या कॉलेजात आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी कुठेही, कुणी न विचारताही सांगते, कारण आमच्या आधीच्या सगळ्या माणसांनी एकतर खाडीची माती उचलली, नाहीतर मिठागरात मीठ ओढलं. त्या पदवीत बाईंचा वाटा मोठा आहे, आणि त्यांच्या शिव्यांचा त्याहून मोठा.

राहायच्या रोह्याला, एकट्या. रोज एसटीनं येणं-जाणं. कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली काळे गमबूट. पावसाळ्यातच नाही, मे महिन्यातसुद्धा. एका कंडक्टरनं विचारलं होतं, बाई, पूर येणार हाय का? त्यावर बाई म्हणाल्या, "तू तिकीट काड. पूर आला तर तुला आधी सांगेन." पिशवीत पुस्तक कधी नसायचं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खुरपं असायचं आणि एक पितळी भिंग.

त्यांना कुणी मॅडम म्हटलेलं खपायचं नाही. मॅडम कापडाच्या दुकानात असतात म्हणायच्या. आणि आमची नावं त्या लक्षातच ठेवायच्या नाहीत. गावावरून हाक मारायच्या. ए वडखळ, ए जोहे. मला 'खारेपाट' म्हणायच्या. हमरापूरचा एक मुलगा होता, घरी गणपतीचा कारखाना. त्यानं जर्नलमध्ये फुलाची आकृती काढली ती अशी सोनेरी, छायाप्रकाश देऊन, मण्यामण्यांची. बाईंनी ती वर्गभर फिरवली आणि म्हणाल्या, "हमरापूर, देखणं काढलंस. पण हा मुकुट नाय, फूल हाय. याला कुणी आरती करणार नाय." तो मुलगा आता मोठा कारखानदार आहे. अजून ती आकृती त्यानं जपून ठेवलीय म्हणतात.

शिकवताना बाई शुद्ध बोलायच्या. टोमणा मारताना, नाहीतर माळावर पाय ठेवला की, बोलीवर यायच्या.

त्या माळावर आम्हाला पहिल्यांदा नेलं ते श्रावणात. गवत गुडघ्याला लागत होतं. बाईंनी आम्हाला ओळीनं उकिडवं बसवलं आणि म्हणाल्या, बघा. आम्ही बघितलं. गवत दिसलं. पुन्हा म्हणाल्या, बघा. पाय दुखायला लागले तेव्हा माझ्या नाकासमोर, गवताच्या पात्यासारखीच पानं असलेल्या एका काडीवर, एक हिरवट उभं फूल होतं हे मला दिसलं. मिटलेल्या छत्रीसारखं, वर लांब टोक काढलेलं, टोकाशी थोडा जांभळा रंग. खरपुडी. पुस्तकात तिला कंदीलपुष्प म्हणतात.

मी बोलून गेले, "ह्याच्यासाठी माळ घेतलात?"

बाईंनी माझ्या हातात भिंग दिलं. मग सांगितलं की या फुलाच्या नळीत आतून बारीक केस असतात, सगळे खाली वळलेले. चिलटाएवढी माशी वासानं आत जाते आणि केसांमुळे तिला वर येता येत नाही. दुसऱ्या दिवशी केस सुकतात, फूल मान टाकतं आणि माशी अंगावर पराग घेऊन सुटते. कुणीतरी विचारलं, माशीला खातं का? बाई म्हणाल्या, "खात नाय. ठेवून घेतं. पाव्हण्यासारखं."

त्या दिवसापासून मला त्या फुलाचं वेड लागलं असं मी म्हणणार नाही. पण एवढ्याशा गोष्टीत इतकी व्यवस्था असू शकते हे बघून मी हादरले, ते खरं.

पुस्तकातली खरपुडी आणि माळावरची खरपुडी यात काहीतरी फरक आहे, असं बाईंना वाटायचं. टोक जास्त लांब, रंग निराळा. कदाचित ही वेगळीच जात असेल आणि फक्त त्या माळावर उरली असेल. खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही हा त्यांचा बाणा. दर पावसाळ्यात मोजमापं घ्यायच्या, आणि विचारलं की म्हणायच्या, अजून नाय.

एवढी जपणूक, आणि एकदा याच बाईंनी आमच्या समोर एक खरपुडी खुरप्यानं उपटली. आम्ही ओरडलोच. त्यांनी खालचा सुपारीएवढा कंद साडीच्या पदरानं पुसला, चाकूनं फोडी केल्या आणि आम्हाला एकेक खायला दिली. रानातली गुराखी पोरं हा कंद खातात, मलाही माहीत होतं. पण बाईंच्या हातून? थोडी गोडसर, पाणीदार चव होती. मला ती गिळवेना. बाई म्हणाल्या, "गिळ. चव माहीत नाय त्याची राखण नुसती भाषणात होते."

राखण त्या कशी करायच्या ते सगळ्या तालुक्याला माहीत होतं. गौरीच्या दिवसांत आसपासच्या बायका तेरडा आणायला माळावर यायच्या. बाई अडवायच्या नाहीत. तेरडा हवा तेवढा न्या म्हणायच्या, पण चपला खाली काढायच्या आणि मी पाय ठेवीन तिथंच पाय ठेवायचा. मग गमबूटवाल्या बाई पुढे आणि हळदीकुंकू लावलेल्या बायकांची रांग मागे. माझी आई एकदा त्या रांगेत होती. घरी येऊन म्हणाली, "सासूनं पण येवढं वाकडं चालवलं नव्हतं गो मला."

हायवे रुंद करायचं काम निघालं तेव्हा एका कंत्राटदाराला तो माळ मुरमासाठी पाहिजे होता. बाईंनी नाही म्हटलं. एक दिवस जेसीबी माळाच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. बाईंनी कॉलेजातून फोल्डिंगची खुर्ची आणली, जेसीबीच्या तोंडासमोर मांडली, छत्री उघडली आणि आमचे परीक्षेचे पेपर तपासत बसल्या. दिवस मावळेपर्यंत. दुपारी जेसीबीच्या ड्रायव्हरनंच त्यांना चहा आणून दिला. बाईंनी चहा घेतला आणि वर त्यालाच हलकट म्हटलं. जेसीबी परत गेला. माझे तेव्हाचे मार्क चांगले होते. राग माझ्या पेपरावर निघाला नाही एवढं खरं.

हे सगळं मी सांगते ते पुढच्यासाठी. कारण पुढे जे झालं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं नसतं तर सांगणाऱ्याला मी खोटारडा म्हटलं असतं.

सर्वपित्री अमावास्या होती. मी तेव्हा रोह्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये लागले होते आणि रजा घेऊन घरी आले होते. आमच्या खारेपाटात भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असते. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांब बांध, त्याच्यावर सगळा जीव. उधाणानं बांध फुटला की आम्ही म्हणतो खांड गेली. खारं पाणी शेतात साचून राहिलं तर उभं भात मरतंच, पण पुढची काही वर्षं त्या जमिनीत धड काही उगवत नाही. त्या पहाटे खांड गेली. भात तेव्हा दाणा भरत होतं.

आमच्यात अशा वेळी बोलवावं लागत नाही. घरटी माणूस जातो. ओहोटी लागली होती, दुपारच्या भरतीच्या आत खांड बांधायची होती. बांबूचे खुंट ठोकले, पेंढ्याच्या जाड जुड्या टाकल्या, वाळूची पोती टाकली. पण शेतातला चिखल टाकला की वाहून जायचा. कोरडी, जड माती पाहिजे होती. सरकारी कचेरीत फोन झाले. पाऊस उघडल्यावर बघू म्हणाले. तेव्हा काकांनी बाईंच्या माळाचा विषय काढला. मुरूम तिथं होता, रस्ता होता, गाव त्यांना ओळखत होतं.

मी त्यांना तिथंच तोडलं. म्हटलं, विचारू नका. बाई जीव देतील, माळ देणार नाहीत. मी त्यांच्या हाताखाली शिकलेय, तुम्ही नाही. सगळ्यांसमोर म्हटलं. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि बाकीच्यांना म्हणाले, "शिकलेली पोर सांगते. मंग ओटे खणा."

आणि लोकांनी ओटे खणले. घरासमोरचा बसायचा ओटा म्हणजे आमच्यात घराचं तोंड. वर्षानुवर्षं चोपून चोपून दगडासारखी झालेली माती. काकांच्या ओट्याला नव्या लाद्या होत्या. त्यांनी आधी स्वतःच्या लाद्या उखडल्या, खालची भर काढली, मग दुसऱ्यांच्या दारात गेले. मी खांडीवर टोपल्यांच्या रांगेत उभी होते. माझ्या हातातून शेजाऱ्यांची घरं जात होती.

बाई त्या दिवसांत सकाळी कॉलेजला जायच्या आधी माळावर उतरायच्या. माळावरून सगळा खारेपाट दिसतो. त्यांना दिसलं की लोक घरांतून माती काढून खाडीकडे नेतायत. त्या खाली उतरून गावात आल्या आणि आमच्या दारात उभ्या राहिल्या. हे मला आईनं नंतर सांगितलं. आई कुदळीनं ओटा खणत होती. बाईंना बघून तिनं कुदळ खाली ठेवली नाही. म्हणाली, "बाय, आज बसायला जागा नाय." बाई खड्ड्याजवळ आल्या आणि वाकून बघत राहिल्या. किती माती लागेल, एवढंच विचारलं. आई म्हणाली, गावातले सगळे ओटे गेले तरी पुरायची नाय. बाई वळल्या. आईला वाटलं, रागावल्या.

आम्ही रांगेत होतो. थोड्या वेळानं बांधावर एक ट्रॅक्टर आला, मागे ट्रॉली भरून मुरूम. तांबूस, ताजा, मुळ्यांसकट. पोरांनी आरोळी ठोकली. भराभर टोपल्या भरून यायला लागल्या. माझ्या हातात आलेल्या टोपलीत गवताच्या झुबक्यात मला एक जोडशेंग दिसली. हिरवी, बारीक, बैलाच्या दोन शिंगांसारखी.

ती शेंग खरपुडीशिवाय दुसऱ्या कशाची असूच शकत नव्हती. मला वाटलं, आमच्या लोकांनी चोरी केली. मी टोपली टाकली आणि पळत सुटले. वडील मागून ओरडत होते. शेतातून, चिखलातून, हायवे ओलांडून माळाच्या पायथ्याशी पोहोचले तेव्हा माझ्या तोंडात शिवी तयार होती.

माळावर जेसीबी होता. त्याच्यापुढे बाई उभ्या होत्या. छत्री मिटलेली, आणि त्या छत्रीनं त्या ड्रायव्हरला दाखवत होत्या. "हितून काप. खाली काळा कातळ हाय, मुरूम वरच हाय. वरचं सगळं घे."

तोच ड्रायव्हर. नंतर त्यानं सांगितलं की बाई हायवेवर त्याच्याकडे चालत येताना बघून त्याला वाटलं, आज काच फोडतात. साहेबांना विचारतो म्हणाला, तर बाई म्हणाल्या विचार, तोवर चावी माझ्याकडे दे.

जेसीबीचा दात माळात गेला. गवत एखाद्या चादरीसारखं उलटं झालं. मी नुसती बघत उभी राहिले. मग मी म्हटलं, "बाई, शेंगा अजून हिरव्या हायत. बी पिकलं नाय."

"दिसतंय मला."

मी खाली बसले आणि हातांनीच माती उकरायला लागले. दोन-चार कंद तरी वाचतील म्हणून. बाईंनी माझा दंड धरला आणि मला उभं केलं. इतक्या जोरात की वळ उठला.

"आत्ता काढलेले कंद कुजतात. मीच शिकवलंय तुला. तिकडं हात कमी हायत, टोपली उचल."

"पण बाई, तुम्हीच..."

"तुझ्या आईनं ओटा खणला."

एवढं म्हणून त्या जेसीबीकडे वळल्या. मी खाली आले. वडिलांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं, बाई स्वतः कापतायत. वडील हातातली टोपली घेऊन तसेच उभे राहिले. मग रांगेतून कुणीतरी म्हणालं, चला, चला, पाणी फिरलं, भरती लागली.

भरती चढायच्या आत खांड बांधून झाली. बाई शेवटच्या ट्रॉलीवर बसूनच आल्या आणि आमच्या रांगेत शिरल्या. दुपारी पाणी बांधाला येऊन लागलं, वर चढत गेलं, एका जागी पाझरलं, आणि थांबलं. लोक बांधावर बसून रडत होते, हसत होते. काका बाईंना शोधायला लागले. बाई कॉलेजला गेल्या होत्या. दुपारचा तास होता त्यांचा.

त्या सालात आमचं भात चांगलं आलं. झोडणी झाल्यावर गावकीनं ठरवलं, बाईंचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, पेढे, मंडप, माईक. बाईंना मीच बोलवायला गेले, आणि सत्कार म्हटलं तर येणार नाहीत म्हणून गावाला तुम्हाला भेटायचंय एवढंच सांगितलं. आल्या, गमबूट घालून. काकांनी भाषण केलं, बरं केलं. मग शाल उलगडून पुढे झाले. बाई मागे सरकल्या.

"ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, त्याच्या अंगावर शाल घालता काय?"

काकांचे हात शालीसकट तसेच वर राहिले. बाईंनी माईक घेतला नाही. त्यांचा आवाज असाही शेवटच्या बाकापर्यंत जायचा.

"ती झाडं वेगळ्या जातीची होती का, ते मी बघत होते. अजून दोन पावसाळे मिळाले असते तर कळलं असतं. आता मलाच काय, कुणालाच कळणार नाय. मी कापली. तुमच्यातलं कुणी मागायला आलं नव्हतं, माझी मी कापली. तुमचं भात वाचलं, ते वाचायलाच पायजे होतं. उद्या परत तीच येळ आली तर परत कापीन. पण त्याच्यावर टाळ्या नकोत."

आणि मंडपातून निघून हायवेच्या दिशेनं चालायला लागल्या. कुणी अडवलं नाही. पेढ्यांचा खोका उघडाच राहिला. मला वाटलं, आता गाव बाईंना नावं ठेवणार. एका गवतासाठी सगळ्या गावाचा अपमान केला म्हणणार. मी भांडायला तयार होते. कुणाकुणाला काय सुनवायचं ते मनात जुळवत होते.

पण माझी आई उठली. आई चारचौघांत बोलत नाही. काकांच्या हातातली शाल तिनं घेतली, घडी घातली आणि म्हणाली, "चूक आपली. तिच्या घरी मयत झाली, आन् आपुन पेढे वाटतो. समाचाराला कोण गेलं?"

मी आईकडे बघतच राहिले. शिकलेली मी. बाईंची विद्यार्थिनी मी. माझ्या हे डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या टेम्पोतून भाद्रपदात गणपती जातात त्या टेम्पोतून आमचं गाव रोह्याला गेलं. समाचाराला जातात तसं. पुरुषांच्या खांद्यावर टॉवेल, बायकांच्या डोक्यावर पदर, कुणाच्या हातात फूल नाही की मिठाई नाही. बाईंनी दार उघडलं आणि आम्हाला बघून दारातून बाजूला झाल्या. खोली लहान. मावले तेवढे आत जमिनीवर बसले, बाकीचे जिन्यावर, राहिलेले खाली रस्त्यावर. कुणी बोललं नाही. समाचाराला बोलायचं नसतं, बसायचं असतं.

शेजारच्या ब्लॉकमधल्या एका गृहस्थांनी गर्दी बघून जिन्यावर बसलेल्या माझ्या वडिलांना हळूच विचारलं, कोण गेलं? माझे वडील म्हणजे भाताशिवाय दुसऱ्या हिरव्या गोष्टीला तण म्हणणारा माणूस. ते म्हणाले, "आमच्यातलंच एक." त्या गृहस्थांनी हात जोडले आणि दार लोटून घेतलं.

बाई चहा ठेवायला उठल्या. आईनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. "बस गो. आज चूल आमची." बाईंना गो म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं. आईनं डबा उघडला. पिठलं आणि नव्या तांदळाचा भात. दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी न्यायचं असतं तेच. एक ताट वाढून बाईंसमोर ठेवलं.

बाईंनी ताटाकडे बघितलं. मग त्यांनी भात कालवला आणि जेवल्या. पहिले घास सरळ गेले. नंतर त्यांची मान खाली गेली, खांदे हलायला लागले, पण हात थांबला नाही. रडत रडत त्यांनी ताट संपवलं. आईनं ते ताट उचललं, मोरीत घासलं आणि पालथं घातलं.

मग एकेक माणूस उठलं. अशा घरातून निघताना येतो म्हणायचं नसतं. काकांनी म्हटलं नाही, वडिलांनी म्हटलं नाही. मी सगळ्यांच्या शेवटी उठले. जिन्याच्या वळणावरून वर बघितलं तर बाई दारात उभ्या होत्या, पदर डोक्यावरून घेतलेला. त्यांनीही या म्हटलं नाही.